कापसाचा बोळा

“हा कर,” गलांडे सर म्हणाले.

पिराजीने तोंड उघडून हा केला. गलांडे सरांनी डोळे मिटले, अत्तर पारखावं तसं नाक पुढे केलं, क्षणभर थांबले आणि हजेरीपुस्तक त्याच्याकडे सरकवलं. पिराजीने सही केली, खुंटीवरची किल्ली घेतली आणि प्रयोगशाळा उघडायला गेला.

आमच्या शाळेत सात वर्षं रोज सकाळी दहा चाळीसला हे असंच चालायचं. गलांडे सर मुख्याध्यापक. पिराजी कोळपे प्रयोगशाळेचा परिचर. सात वर्षांपूर्वी एका सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला आणि दोरी धरलेला पिराजी खाली बसला, तो राष्ट्रगीत संपलं तरी उठला नाही. संस्थेने त्याला काढायचं ठरवलं होतं. मग एका अटीवर ठेवलं: रोज सही करण्याआधी मुख्याध्यापकांना श्वास दाखवायचा, आणि एकदा जरी वास आला तरी चौकशी नाही, नोटीस नाही, सरळ घरी. हे कागदावर लिहून पिराजीची सही घेतली होती. त्या दिवसापासून त्याने दारूला हात लावला नाही. गलांडे सरांनी मात्र तपासणी एक दिवस चुकू दिली नाही. त्यांना सर्दी झाली की हे काम मराठीच्या शिक्षकांकडे जायचं.

मी विज्ञान शिकवायचो. मी आणि पिराजी एकाच वर्षी शाळेत लागलो, म्हणजे ही गोष्ट घडली तेव्हा आम्हा दोघांनाही सोळा वर्षं झाली होती. रोज एसटीने बावीस किलोमीटर यायचं, नववीच्या दोन तुकड्यांना तोच धडा दोनदा शिकवायचा, बावीस किलोमीटर जायचं. सोळा वर्षांत पुस्तक एकदा बदललं, तेही मुखपृष्ठापुरतं. मला कुणी विचारलं असतं, सबनीस सर, कसे आहात, तर मी ‘बरा आहे’ म्हणालो असतो. पण कुणी विचारत नव्हतं, आणि तेही बरंच होतं, कारण उत्तर द्यायचाही कंटाळा आला होता.

जानेवारीतला तो सोमवार. बुधवारी शाळेची तपासणी होती. उपशिक्षणाधिकारी हुपरीकर साहेब येणार होते आणि नववी अ च्या वर्गात माझा प्रयोग बघणार होते. गलांडे सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीसाठी संस्थेने माझं नाव धरलं होतं. साहेबांचा शेरा चांगला आला की झालं. खुर्चीवर बसायला मिळेल, यापलीकडे त्या पदाबद्दल मला काही वाटत नव्हतं. पण बसायला मिळेल, हे फार होतं.

प्रयोग ठरलेला. दोन थर्मास घ्यायचे. एकात मोड आलेले हरभरे भरायचे. दुसऱ्यात तेच हरभरे, पण उकडून मारलेले आणि कुजू नयेत म्हणून औषधाच्या पाण्यातून काढलेले. दोन्हींत थर्मामीटर खोचायचे आणि दोन दिवसांनी बघायचं. मेलेले हरभरे थंडच राहतात. जिवंत हरभरे श्वसन करतात, त्यांच्या पेशींत साखर मोडते, ऊर्जा सुटते आणि थर्मास गरम होतो. सोळा वर्षं दर जानेवारीला आमचा थर्मास गरम झाला होता. पंचक्रोशीतल्या इतर शाळांत हा प्रयोग फसायचा. आमच्या शाळेत कधी नाही, आणि याचं श्रेय मी माझ्या एका सुधारणेला देत असे. पुस्तकात लिहिलं होतं, तोंडाला कापसाचा बोळा लावा. मी रबरी बूच लावायचो. बुचाला भोक पाडून त्यातून थर्मामीटर, आणि फटीत मेण. बाहेरचा वारा आत नाही, आतली ऊब बाहेर नाही. वर्गात मी हे दरवर्षी सांगायचो आणि पुस्तक लिहिणाऱ्यांची थोडी कीव करायचो.

थर्मास भरता भरता मी पिराजीला म्हणालो, “या वेळी किल्ली माझ्याकडे राहील.”

“का, सर?”

“तपासणी आहे.”

हे खरं कारण नव्हतं. दरवर्षी या प्रयोगात हरभरे कमी भरायचे. गळ्यापर्यंत भरलेला थर्मास दुसऱ्या दिवशी चार बोटं रिकामा दिसायचा. एकदा तर बूच तिरपं बसलेलं आढळलं होतं. मी हिशेब जुळवला होता: पिराजी उसळीला नेतो. इतर वर्षी मी दुर्लक्ष केलं. मूठभर हरभऱ्यासाठी बोलायला सुद्धा जोर लागतो.

“सर,” पिराजी म्हणाला, “संध्याकाळी एकदा बघायला लागतंय.”

“काय बघायला लागतंय?”

तो फडक्याने टेबल पुसत राहिला. “असंच. बरं असतं बघितलेलं.”

“हरभऱ्यांना काय अंगाई म्हणायचीय?”

पिराजी हसला नाही. मी कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

मंगळवारी मी नववी अ ला धडा पुरा केला. प्रयोगशाळेतच वर्ग घेतला. पेशी साखर कशी जाळते ते सांगितलं. जाळ नाही, धूर नाही, पायरीपायरीने. हवा असली तर साखरेच्या एका रेणूतून ऊर्जेच्या अडतीस पुड्या मिळतात. तेव्हाच्या पुस्तकात अडतीस होत्या, आता म्हणे कमी झाल्यात. हवा नसली तरी पेशी लगेच मरत नाही. ती अर्धवट जाळते, दोन पुड्यांवर भागवते, आणि उरलेलं तसंच टाकून देते. हे सगळं मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि बुधवारी साहेबांना दिसावं म्हणून पुसायचं नाही असं बजावलं. दुसऱ्या बाकावर पिराजीची मुलगी शेवंता बसायची. तिने सगळं उतरवून घेतलं. ती सगळंच उतरवून घ्यायची.

संध्याकाळी पिराजी पुन्हा दारात उभा राहिला.

“सर, किल्ली पाच मिनिटं देता? लगीच आणून देतो.”

“उद्या,” मी म्हणालो. माझी एसटी सुटत होती.

बुधवारी साहेबांची जीप दहा वाजताच आली. मग हार, नारळ, स्वागतगीत. त्या धांदलीत पिराजीने स्वतःच सही केली आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्याचा श्वास कुणी बघितला नाही. पाहुण्यासमोर कसं बघणार?

अकराला साहेब प्रयोगशाळेत आले. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, पंचेचाळीस शाळा तपासून आलेला चेहरा. फळ्याकडे पाठ करून खुर्चीत बसले. गलांडे सर शेजारी. समोर नववी अ ची पोरं ठोकळ्यासारखी ताठ.

“दाखवा,” साहेब म्हणाले.

पिराजीने जिवंत हरभऱ्यांचा थर्मास दोन्ही हातांत धरून साहेबांच्या समोर नेला. पारा दिसावा म्हणून मी थर्मामीटर थोडा वर ओढला. बुचाच्या भोकातून कुणी सुस्कारा सोडावा तसा बारीक आवाज आला.

साहेबांनी वाकून पारा वाचला. मग दुसऱ्या थर्मासचा वाचला.

“यात चोवीस. त्यात चोवीस.” त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे सबनीस, तुमच्या शाळेत जिवंत आणि मेलेले यांत फरक नाही.”

पोरं हसली नाहीत. गलांडे सर हसले आणि थांबले.

मग साहेबांचं नाक हललं. एकदा, दोनदा. त्यांनी मान वर केली आणि पिराजीकडे बघितलं. थर्मास अजून त्याच्याच हातांत होता.

“गलांडे,” ते हळू म्हणाले, “हा माणूस पितो?”

गलांडे सरांनी नाक पुढे केलं. मी त्यांचा चेहरा पडताना पाहिला. वास होता. आंबूस, गोडसर, ओळखीचा. मलाही येत होता.

“पिराजी,” गलांडे सर म्हणाले, “परत सुरू केलीस?”

“न्हाई, सर.”

“मग हा कर.”

पिराजी तसाच उभा राहिला. थर्मास त्याने टेबलावर ठेवला, अगदी जपून. त्याने तोंड उघडलं नाही.

“हा कर म्हणतोय ना?”

“हितं न्हाई करणार, सर.”

“का?”

दुसऱ्या बाकावर शेवंताने वही मिटली होती. ती बापाकडे बघत नव्हती. ती फळ्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा फळ्याकडे.

“समजलं,” साहेब म्हणाले, आणि खिशातून पेन काढलं.

गलांडे सरांनी पिराजीला हाताने दार दाखवलं. त्याने टोपी सारखी केली आणि गेला. साहेबांनी माझा प्रयोग ‘काही कारणाने यशस्वी न झालेला’ ठरवला आणि ते कारण आत्ताच दाराबाहेर गेलं, असं सगळ्यांनी न बोलता मान्य केलं. मीही मान्य केलं. घंटा झाली, पोरं उठली. शेवंता सर्वांत शेवटी गेली.

मग मी फळा पुसला. सोळा वर्षांत माझ्या हाताने पहिल्यांदा. एरवी ते पिराजीचं काम.

ऑफिसात साहेबांसाठी पोहे आले होते. मला बोलावणं आलं, मी ‘येतो’ म्हणालो आणि शाळेच्या मागे गेलो. का गेलो सांगता येत नाही. पिराजी निघून गेला असेल, अशी आशा होती म्हणूनही गेलो असेन.

तो नळावर परीक्षानळ्या धूत होता.

“घरी नाही गेलास?”

“नळ्या राहिल्या होत्या. वाळल्या की डाग निघत न्हाईत. उद्या नवा कोण येईल त्याला तरास.”

मी नळाच्या कट्ट्यावर बसलो. बसल्यावर लक्षात आलं, की उठवत नाहीये.

“पिराजी, हा का नाही केलास? मोकळा सुटला असतास.”

“रोज करतोय की. त्यांच्या खोलीत, दार लावून.” त्याने नळी उपडी केली. “शेवंतीला सांगितलंय, बाप रोज मस्टरवर सही करतो. एवढंच सांगितलंय.”

नळ ठिबकत होता. त्याने एक एक करून सहा नळ्या स्टँडला लावल्या.

“बूच काढलं का, सर?”

“कसलं?”

“थर्मासचं. काढा आधी. गुदमरलेत ते.”

मी त्याच्याकडे बघितलं.

“तुम्ही एसटीला गेला की मी बूच काढायचो,” तो नळ्यांशी बोलावं तसं सांगत होता. “भिजलेला हरभरा फुगतो, त्याला जागा लागती. मूठभर काढायचे. वर कापसाचा बोळा लावायचा. सकाळी तुम्ही यायच्या आत परत बूच, वर मेण.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी.”

“सोळा वर्षं?”

“पीत होतो तवाबी.”

पंचक्रोशीत न फसणारा माझा प्रयोग डोळ्यांसमोर येत होता, आणि पुस्तक लिहिणारे लोक रांगेने उभे राहून माझी कीव करत होते.

“मला सांगायचं नाहीस का?”

“सांगितलं व्हतं. पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणाला, शास्त्र कोण शिकलंय पिराजी, तू का मी.”

मला आठवत नव्हतं. अशी वाक्यं म्हणणाऱ्याला आठवत नाहीत.

“आणि ते मूठभर हरभरे?”

“खायचो. मीठ लावून.”

निदान तेवढा माझा हिशेब बरोबर होता.

“वास कशाचा, ते तुला कळलं होतं?”

आता तो हसला. त्या दिवशी पहिल्यांदा. “सर, गूळ भिजवून वर घट्ट झाकण लावलं, की काय हुतं, ते मला पुस्तकात बघावं लागत न्हाई. माझा विषय हाय त्यो. होता.”

“मग वर्गात बोलायचं ना.”

“काय बोलू? साहेब, मी न्हाई प्यालो, हरभरे प्यालेत? पोरं हसली असती. शेवंतीला बी हसावं लागलं असतं.” त्याने हात धोतराला पुसले. “तुम्ही बोलाल वाटलं. फळ्यावर तुम्हीच लिहिलं व्हतं.”

लिहिलं होतं. ‘हवा नसताना: साखरेपासून अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड आणि थोडी ऊर्जा.’ अल्कोहोल या शब्दाखाली दोन रेघा होत्या. वर्गात वास आला तेव्हा मला दहा सेकंदांत सगळं कळलं होतं. माझं बूच, माझं मेण, माझं कुलूप. उरलेला वेळ मी गप्प बसण्यात घालवला.

“मी फळा पुसला,” मी म्हणालो.

“खिडकीतनं दिसलं,” पिराजी म्हणाला.

मी उठलो. प्रयोगशाळेत जाऊन थर्मास घेतला आणि ऑफिसात शिरलो. साहेबांचे पोहे संपत आले होते. शेरेबुक उघडं होतं; पिराजीचं नाव लिहून झालं होतं, शाई वाळायची होती. मी थर्मास बशीशेजारी ठेवला.

“हे काय?” साहेब म्हणाले.

मी मेण खरवडलं आणि बूच ओढलं. ते फट् करून निसटलं आणि समोरच्या दिनदर्शिकेवर आदळलं. खोलीभर वास पसरला.

“साहेब, वास घ्या.”

साहेबांनी घेतला. मग त्यांनी थर्मास गलांडे सरांच्या पुढे केला. गलांडे सरांनी डोळे मिटले. सात वर्षांचा सराव त्यांच्या नाकाशी होता.

“हातभट्टी,” ते गंभीरपणे म्हणाले. “पहिल्या धारेची.”

“हरभऱ्यांची आहे,” मी म्हणालो. “हवा मिळाली नाही की पेशी असंच करतात. हे बूच मी लावलं. कुलूपही मीच घातलं. पुस्तकात कापसाचा बोळा लिहिलाय. पिराजी दरवर्षी तो लावत होता म्हणून प्रयोग होत होता. या वर्षी मी त्याला आत जाऊ दिलं नाही.”

साहेबांनी थर्मासमध्ये डोकावून बघितलं. हरभरे चिकट, करडे झाले होते. मोड होते तिथेच थांबले होते.

“हे तुम्हाला वर्गात माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

मी उत्तर शोधलं. खुर्ची, शेरा, मे महिना, सगळं सांगण्यासारखं होतं आणि सगळं खरंही होतं. पण त्याच्याही खाली जे होतं तेच तोंडातून आलं.

“दमलो होतो, साहेब.”

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. पंचेचाळीस शाळा बघून आलेला माणूस. मला वाटतं, त्यांना हे उत्तर कळलं. कळलं म्हणून त्यांनी सोडलं मात्र नाही.

“इतकं दमलेल्या माणसाने मुख्याध्यापक होऊ नये,” ते म्हणाले. त्यांनी शेरेबुकातलं पान फाडलं आणि नवीन लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर पुस्तक माझ्याकडे फिरवलं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: ‘परिचर कोळपे यांचे काम उत्तम.’ दुसऱ्या ओळीत: ‘विज्ञान शिक्षकांस श्वसन समजावून सांगण्याची गरज आहे.’

मग त्यांनी गलांडे सरांना सांगितलं, “मघाशी सांगितलात तो सकाळचा ‘हा’ बंद करा. आणि वर्गात जे काही बोललात, ते वर्गातच जाऊन दुरुस्त करा.”

गलांडे सर नववी अ त गेले. मी मागे उभा राहिलो. ते म्हणाले, “पिराजीने काही घेतलेलं नव्हतं. तो वास थर्मासमधून येत होता.” मागून कुणीतरी विचारलं, “सर, थर्मास कुणी भरला होता?” मी हात वर केला. पोरं तेव्हा हसली. शेवंताने वही उघडली आणि काहीतरी उतरवून घेतलं. काय, ते मला कधी कळलं नाही.

मे महिन्यात गलांडे सरांच्या खुर्चीवर मराठीचे शिक्षक बसले. त्यांना नाकाचा अनुभव होताच.

पण ते पुढचं. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी नेहमीच्या एसटीने आलो. पिराजीने सही केली होती. कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या दारात तो किल्ली घेऊन उभा होता. मी पुढे झालो तरी तो बाजूला सरला नाही, कुलूपही उघडेना. नुसता माझ्याकडे बघत उभा.

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी पिशवी खाली ठेवली, तोंड उघडलं आणि हा केला.

पिराजीने डोळे मिटले. नाक पुढे केलं. घाई केली नाही.

“काय?” मी विचारलं.

“तंबाखू.”

“आणि?”

“आणि काय न्हाई,” पिराजी म्हणाला, आणि त्याने कुलूप उघडलं.

आत टेबलावर दोन्ही थर्मास धुऊन, पुसून, उपडे घातलेले होते. शेजारी कापसाचं नवं बंडल. त्यातला एक बोळा करून ठेवला होता, मुठीत मावेल एवढा, फार घट्ट नाही.